नवे कार्ड, मुका संगणक

संगणकात नवा भाग बसवल्यावर आवाज बंद पडतो, तेव्हा आवाजाची चिप जळालेली असते असे क्वचितच घडते. आवाज तयार होतच असतो. ज्या तारेतून त्याने बाहेर पडायचे ती सोडून तो भलत्याच दाराने निघून गेलेला असतो, नाहीतर वाटेतल्या एखाद्या टप्प्यावर त्याला पुढे नेणारे सॉफ्टवेअर गैरहजर असते. दुरुस्तीला बसणाऱ्याने म्हणूनच आधी आवाज कुठपर्यंत पोचला ते शोधायचे असते. बाकी सगळे नंतर.

वाशिम जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी ही तक्रार हमखास भेटते ती लग्नाच्या व्हिडिओच्या मिक्सिंग लॅबमध्ये. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते. त्याआधीच्या मोकळ्या दिवसांत लॅबवाला संगणकाची डागडुजी काढतो. रॅम वाढवतो, हार्ड डिस्क काढून एसएसडी लावतो आणि चार पैसे हाताशी असले तर ग्राफिक कार्ड टाकतो. कार्ड बसते, मॉनिटर उजळतो, एडियस या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मागच्या हंगामातल्या वरातीची टाइमलाइन उघडते. चित्र लोण्यासारखे सरकते. बँडवाल्यांचे गाल फुगलेले दिसतात, नवरदेवाचे मित्र हात वर करून नाचतात, आणि खोलीत फक्त पंख्याचा आवाज. मग फोन जातो: ‘भाऊ, कार्ड टाकलं अन् आवाजच नाही येऊन राह्यला.’ पलीकडून बहुधा ठरलेले उत्तर येते, ‘फॉरमॅट मारावं लागते.’

फॉरमॅट हा या रोगावरचा सर्वांत महागडा इलाज आहे. विंडोज नव्याने टाकायला तास-दीड तास पुरतो. पण लॅबमधले संपादनाचे सॉफ्टवेअर, त्याचे प्लगइन, श्री-लिपीसारखे मराठी टंक, किंवा सेवा केंद्राच्या संगणकावरचे अंगठ्याच्या यंत्राचे आणि डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर पुन्हा जागेवर बसवण्यात दोन दिवस जातात. एवढे करूनही पुष्कळदा आवाज तसाच मुका राहतो, कारण दोष विंडोजमध्ये नव्हताच.

एमएस-सीआयटीचे वर्ग सुरू झाले आणि संगणक हा सर्वसामान्य घरांतल्या मुलांच्या हाताखाली आला. वाशिमसारख्या जिल्ह्यातल्या गावांतून जुना संगणक टाकून नवा घेण्यापेक्षा आहे त्याच डब्यात एकेक भाग बदलत जाण्याची रीत आहे. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनी काढून टाकलेले संगणकही दुरुस्त होऊन इकडे येतात. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने दिलेला आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे मदरबोर्ड बदलण्याचे काम वाढले, आणि बोर्ड बदलला की आवाजाची चिपही बदलते.

आवाजाची वाट

गाणे लावले की ते संगणकात आकड्यांच्या रूपात असते. ते आकडे आधी विंडोजच्या ध्वनिसेवेकडे जातात. तिथे सगळ्या चालू प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळले जातात आणि ठरवलेल्या एका बाहेरच्या दाराकडे, म्हणजे ‘डिफॉल्ट’ उपकरणाकडे, पाठवले जातात. त्या उपकरणाचा ड्रायव्हर ते आकडे बोर्डावरच्या नियंत्रकाला देतो. नियंत्रक ते कोडेक नावाच्या नखाएवढ्या चिपकडे ढकलतो. आकड्यांची विजेची लहर होते ती या चिपमध्ये. तिथून पुढे साधी तार, हिरवे भोक, स्पीकरची पिन आणि ॲम्प्लिफायर.

बोर्डाच्या मागच्या बाजूला, नेटच्या सॉकेटजवळ, रंगीत भोकांची रांग असते. त्यांच्या मागेच बोर्डावर ही चिप सापडते. तिच्यावर खेकड्याचे चित्र असेल तर ती तैवानच्या रिअलटेक कंपनीची. भोकांचे रंग ठरलेले आहेत: हिरवे स्पीकरचे, गुलाबी माइकचे, निळे बाहेरचा आवाज आत घेण्याचे. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलच्या पीसी ९९ या मार्गदर्शिकेने हे रंग रूढ केले. त्याआधी बहुतेक भोके एकाच रंगाची असत आणि टॉर्च लावून चिन्हे वाचावी लागत.

आवाजाचे भांडण तेव्हाही होते, फक्त ते उघड होते. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर कार्ड आणले. कार्डावरच्या चिमुकल्या जंपर टोप्या इकडून तिकडे सरकवून त्याचा पत्ता आणि इंटरप्ट क्रमांक ठरवायचा असे. प्रोसेसरला हाक मारण्याचा क्रमांक म्हणजे इंटरप्ट. सुरुवातीच्या कार्डांवर तो ७ असे, आणि प्रिंटरचे पोर्टही ७ क्रमांकानेच हाक मारी. गाणे लावले की छपाई अडखळे. मग टोपी ५ वर सरकवायची. विंडोज ९५ सोबत हे वाटप आपोआप होऊ लागले. इंटेलने १९९७ मध्ये एसी ९७ आणि २००४ मध्ये एचडी ऑडिओ ही मानके आणली आणि वेगळे साउंड कार्ड लागेनासे झाले. टोप्या गेल्या. भांडण तेवढे ड्रायव्हरच्या पातळीवर उतरले, जिथे ते डोळ्यांना दिसत नाही.

मॉनिटर म्हणतो, मला ऐकू येते

लॅबमधल्या त्या मुक्या वरातीचे कारण बहुधा केबलीत सापडते. जुन्या संगणकाला निळ्या तोंडाची व्हीजीए केबल होती. ती फक्त चित्र नेते. नव्या ग्राफिक कार्डाला बहुधा व्हीजीएचे तोंडच नसते, म्हणून एचडीएमआय केबल लावावी लागते. एचडीएमआय चित्र आणि आवाज दोन्ही वाहून नेते आणि त्यासाठी ग्राफिक कार्डाच्या पोटात आवाजाचा एक स्वतंत्र नियंत्रक असतो. म्हणजे कार्ड बसवले त्या क्षणी संगणकात आवाजाचे दुसरे यंत्र दाखल झाले. कुणी मागवले नव्हते, पण आले.

केबल जोडली की मॉनिटर आपली ओळख संगणकाला सांगतो: मी इतक्या रुंदीचा, इतक्या वेगाचा, आणि मला आवाज चालतो. ज्या मॉनिटरला स्पीकर नाहीत, पण मागे हेडफोनचे एक भोक आहे, तोही ‘चालतो’ असेच सांगतो. एचडीएमआयचे व्हीजीए करणारे कितीतरी छोटे कन्व्हर्टरही हेच सांगतात, कारण त्यांच्या कडेला एक बारीक ऑडिओ भोक असते. ग्राफिकचा ड्रायव्हर टाकताना विंडोजने या नव्या पाहुण्याला डिफॉल्ट केले की सगळा आवाज केबलीतून मॉनिटरकडे जातो आणि तिथल्या रिकाम्या भोकापाशी संपतो. हिरव्या भोकातला स्पीकर दिवा लावून बसलेला असतो.

याचा छडा एका मिनिटात लागतो. विंडोजच्या रन खिडकीत ‘एमएमएसवायएस डॉट सीपीएल’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहून एंटर मारली की आवाजाच्या उपकरणांची जुनी यादी उघडते. गाणे चालू ठेवून या यादीकडे पाहायचे. प्रत्येक नावासमोर आडव्या रेघांची एक उभी पट्टी असते. जिच्या रेघा हिरव्या होऊन वरखाली नाचतात, त्या उपकरणाकडे आवाज चालला आहे. पट्टी मॉनिटरच्या नावासमोर नाचत असेल तर रोग कळला. ‘स्पीकर्स, रिअलटेक’ निवडून डिफॉल्ट करायचे. मॉनिटरचे नाव कधीच लागणार नसेल तर त्यावर उजवी टिचकी मारून ते बंद करून टाकणे बरे, कारण मॉनिटर बंद-चालू होताना हे उपकरण यादीतून जाते आणि परत येते, आणि परत येताना पुन्हा मालकी सांगू शकते. ‘सकाळी आवाज होता, दुपारी चहा पिऊन आलो अन् गेला’ या कोड्याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

पट्टी रिअलटेकसमोर नाचते आहे आणि तरी स्पीकर गप्प, असे असेल तर दोष पुढच्या तारेत. कुठलीच पट्टी नाचत नसेल तर आवाज प्रोग्रॅममधूनच निघालेला नाही. संपादनाच्या सॉफ्टवेअरला आवाजाच्या उपकरणाची स्वतःची नोंद ठेवायची सवय असते. प्रीमियरमध्ये तर ‘ऑडिओ हार्डवेअर’ असे वेगळे पान आहे आणि तिथे जुन्या, आता नसलेल्या उपकरणाचे नाव तसेच राहू शकते. ब्राउझरमध्ये गाणे वाजते, संपादनात वाजत नाही, ही त्याची खूण. विंडोज संभाषणासाठीही वेगळे डिफॉल्ट ठेवते. त्यामुळे व्हिडिओ कॉलचा आवाज एका दाराने आणि गाण्याचा दुसऱ्या दाराने, असेही होते.

नऊ पिनांचे दार

डबा बदलला किंवा बोर्ड बदलला, की समोरच्या भोकांचा प्रश्न उभा राहतो. मागे स्पीकर लावला तर वाजतो, समोर हेडफोन लावला तर शांतता. संगणकाच्या वर्गात हे फार जाणवते, कारण तिथे सगळे हेडफोन समोरच लागतात.

डब्याच्या पुढच्या पट्टीवरून एक केबल आत येते आणि बोर्डाच्या कडेवरच्या पिनांत बसते. दहा पिनांची जागा, दोन रांगा, आणि आठवी पिन मुद्दाम गाळलेली. केबलीच्या टोकाला तिथेच भोक बुजवलेले असते, म्हणजे ती उलटी बसणार नाही. शेजारी यूएसबीच्या पिनाही अशाच दहाच्या जागेत नऊ असतात, पण तिथे गाळलेली पिन नववी, अगदी कोपऱ्यातली. घाईत एका जागची केबल दुसरीकडे दडपणारा हात पिन वाकवतो. वाकलेली पिन चिमट्याने सरळ करता येते, पण एकदाच. दुसऱ्यांदा ती तुटते.

पुष्कळ डब्यांत या केबलीला दोन तोंडे असतात, एकावर ‘एचडी ऑडिओ’ आणि दुसऱ्यावर ‘एसी ९७’ असे छापलेले. दोन्ही त्याच पिनांवर आरामात बसतात आणि घोळ इथेच होतो. एचडी ऑडिओत भोकात पिन शिरली की नाही हे सांगणारी वेगळी तार असते. सातव्या पिनेवरून संकेत निघतो आणि सहाव्या व दहाव्या पिनेवरून परत येतो. एसी ९७ मध्ये ही सोय नाही. नव्या बोर्डाला एसी ९७ चे तोंड लावले की बोर्डाच्या लेखी समोरच्या भोकांत कुणी काही लावतच नाही. ड्रायव्हर त्या भोकांकडे आवाज सोडत नाही. इलाज म्हणजे तोंड बदलणे. डब्याला एकच जुने तोंड असेल तर रिअलटेकच्या पॅनेलमध्ये समोरच्या भोकांची चाचपणी बंद करण्याची खूण असते, ती करायची. काही बोर्डांच्या बायोसमध्येही समोरच्या पट्टीचा प्रकार निवडता येतो.

जुन्या एसी ९७ बोर्डांवर तर याची गंमत उलटी होती. पाचवी-सहावी आणि नववी-दहावी या पिनांवर दोन टोप्या बसवलेल्या असत आणि मागच्या हिरव्या भोकाचा आवाज त्या टोप्यांतून वळसा घेऊन जाई. ‘या काय फालतू टोप्या’ म्हणून कुणी काढल्या की मागचाही आवाज बंद. अशा बोर्डावर पाच पैशांची टोपी लावून गाणे सुरू करणारा मिस्त्री गावात जादूगार ठरत असे.

कंपन्यांतून आलेल्या सेकंडहँड डब्यांचे आणखी एक दुखणे आहे. मोठ्या ब्रँडच्या बऱ्याच संगणकांत समोरच्या पट्टीची जोडणी त्या त्या ब्रँडने आपल्या मापाने केलेली असते. डबा तोच ठेवून आत बाजारातला बोर्ड बसवला की केबल जुळत नाही. तिथे जबरदस्ती न करता समोरची भोके विसरलेली बरी.

वर्गात आणखी एक वस्तू गोंधळ घालते, ती म्हणजे मोबाइलचा हेडफोन. त्याच्या पिनेवर तीन काळ्या रेघा आणि चार धातूचे भाग असतात, कारण माइकही त्याच पिनेत आहे. संगणकाच्या हिरव्या भोकाला तीनच भाग कळतात. आवाज बहुधा ऐकू येतो, माइक चालत नाही. कधी पिन अर्धवट बसते आणि गाण्यातला गायक गायब होऊन नुसता वाद्यवृंद उरतो. दोन पिनांत फोडणारी छोटी केबल दुकानात मिळते.

ड्रायव्हरची भाऊबंदकी

एवढे पाहूनही आवाज नसेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडायचा. स्टार्टवर उजवी टिचकी मारली की तो यादीत दिसतो. ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ या ओळीखाली रिअलटेकचे नाव दिसते, ग्राफिक कार्डाच्या कंपनीचे दिसते, किंवा नुसतेच ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ असे बिनचेहऱ्याचे नाव दिसते. हे शेवटचे म्हणजे मायक्रोसॉफ्टचा सरसकट ड्रायव्हर. त्यावर आवाज निघतो, पण चाचपणी, समोरची भोके, माइकचा जोर या गोष्टी नीट चालतीलच असे नाही. काही वेळा मात्र कंपनीच्या ड्रायव्हरपेक्षा तोच निमूटपणे काम करतो. हे अनुभवी दुरुस्तीवाल्यांना पटलेले असते, फक्त गिऱ्हाइकाला सांगायला बरे वाटत नाही.

नावापुढे पिवळे चिन्ह असेल तर गुणधर्म उघडून कोड वाचायचा. कोड २२ म्हणजे कुणीतरी ते उपकरण बंद केले आहे. चालू केले की संपले. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण उपकरण सुरू होत नाही, आणि बोर्ड बदलल्यानंतर चुकीच्या चिपचा ड्रायव्हर बसल्याची शंका इथे पहिली घ्यायची. कोड ३९ म्हणजे फाइल फाटली किंवा हरवली. कोड न वाचता ड्रायव्हर मारत सुटणे म्हणजे तापाचे कारण न पाहता सुई टोचणे.

कोणता ड्रायव्हर हवा हे चिपच सांगते. गुणधर्मांत ‘हार्डवेअर आयडीज’ निवडले की लांबलचक इंग्रजी अक्षरांची ओळ येते. तिच्यात कंपनीचा एक क्रमांक असतो: १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी. त्याच्या पुढचा क्रमांक चिपचा. ०८८७ असेल तर बोर्डावरच्या चिपवर भिंगातून पाहिल्यावरही ‘एएलसी ८८७’ हेच छापलेले दिसते. पडद्यावरचा आकडा आणि चिपवरचा आकडा जुळला की अंदाजाला जागा उरत नाही. मग ड्रायव्हर त्या बोर्डाच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावरून, मॉडेल क्रमांक टाकून घ्यायचा. बोर्डाचा मॉडेल क्रमांक बोर्डावरच मोठ्या अक्षरांत छापलेला असतो.

प्रत्यक्षात दुकानात चालतो तो पेन ड्राइव्हमधला ड्रायव्हरचा गठ्ठा. एक बटण दाबले की सगळे ड्रायव्हर पडतात. नेट रखडत असेल तिथे त्याचा आधार मोठा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण गठ्ठा जवळपासचा ड्रायव्हर बसवतो, नेमका नव्हे. सोबत ग्राफिकचा, नेटचा, चिपसेटचाही बदलतो, आणि मग आवाज कशामुळे गेला हे कुणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम इथे मोडला की शोध संपलाच.

जुनी डिस्क उचलून नव्या बोर्डाला लावण्याची पद्धत सर्रास आहे आणि विंडोज १० पासून ती बरीच निभावतेही. संगणक सुरू होतो, दोन वेळा आपोआप बंद-चालू होतो, काम करू लागतो. पण जुन्या बोर्डाच्या चिपचे ड्रायव्हर आतच राहतात. डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’मध्ये लपलेली उपकरणे दाखवायला सांगितले की ती फिकट, भुतासारखी दिसतात. आवाजाच्या ओळीखाली अशी भुते असली की नव्या ड्रायव्हरच्या पॅनेलने जुन्याच सेवेला हाक मारणे, माइक दोनदा दिसणे, पॅनेल उघडताच मिटणे असले प्रकार होतात.

साफसफाईला क्रम लागतो. आधी रिस्टोर पॉइंट करून ठेवायचा. मग नेटची केबल काढायची किंवा वायफाय बंद करायचे, नाहीतर जुना ड्रायव्हर काढून संगणक सुरू होतो न होतो तोच विंडोज अपडेट आपल्या पसंतीचा ड्रायव्हर आणून बसवते. पुष्कळांचे हात इथेच टेकतात. त्यानंतर आवाजाचे उपकरण काढताना ‘ड्रायव्हर सॉफ्टवेअरही पुसा’ या चौकोनात खूण करायची, फिकट नावे एकेक करून काढायची, संगणक बंद-चालू करायचा. आता आधी चिपसेटचा ड्रायव्हर, मग आवाजाचा, शेवटी ग्राफिकचा. ग्राफिकचा टाकताना सोबतचा एचडीएमआय आवाजाचा तुकडा नको असेल तर ‘कस्टम’ पर्यायात त्याची खूण काढता येते. नेट सगळ्यात शेवटी.

चिपसेट आधी का, याला कारण आहे. कोडेक नियंत्रकाच्या मागे लटकलेला असतो. नियंत्रकच ओळखला गेला नाही तर मागचा कोडेक यादीत दिसतच नाही. एक्सपीच्या काळात एचडी ऑडिओच्या बसचा मायक्रोसॉफ्टचा स्वतंत्र तुकडा आधी टाकावा लागे. तो नसला की रिअलटेकचा ड्रायव्हर टाकून टाकून माणूस थके. आजच्या लॅपटॉपवर तीच भूमिका इंटेलच्या स्मार्ट साउंडची आहे. तो निघाला की रिअलटेकचे नाव गायब, माइकही गायब. त्याची दुसरी बाजूही आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये विंडोज ११ ची २२एच२ आवृत्ती आली, तेव्हा अकराव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर आणि स्मार्ट साउंडच्या दोन ठरावीक आवृत्त्या एकत्र असलेल्या संगणकांवर निळा पडदा येत होता. मायक्रोसॉफ्टने अशा संगणकांना नवा ड्रायव्हर येईपर्यंत ती आवृत्ती देणेच थांबवले.

रिअलटेकच्या ड्रायव्हरमध्येही आता दोन घराणी आहेत. जुन्या पद्धतीचा ड्रायव्हर आपले पॅनेल सोबत आणतो. नव्या, डीसीएच पद्धतीचा ड्रायव्हर नुसताच येतो आणि त्याचे पॅनेल मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून वेगळे उतरते. एका घराण्याचा ड्रायव्हर आणि दुसऱ्याचे पॅनेल अशी सोयरीक जमत नाही. पॅनेल उघडत नाही, पण आवाज मात्र येत असतो. तिथे गिऱ्हाइकाला काय हवे आहे ते आधी विचारलेले बरे.

खरखर आणि भुणभुण

आवाज येतो पण नासका येतो, हा वेगळा अध्याय. खरखर, तडतड आणि भुणभुण या तीन तक्रारी गिऱ्हाईक एकाच शब्दात सांगते. दुरुस्तीवाल्याने मात्र कान देऊन त्या वेगळ्या केल्या पाहिजेत.

गाणे चालू असतानाच मधूनमधून तडतडते आणि थांबवले की शांतता, असे असेल तर प्रोसेसरला आवाजाचे काम वेळेवर करायला मिळत नाही. यात दोषी आवाजाचा ड्रायव्हर नसूनही चालते. नव्या वायफाय कार्डाचा किंवा ग्राफिकचा ड्रायव्हर प्रोसेसरला काही क्षण अडवून धरतो, तेवढ्यात आवाजाचा साठा संपतो. लेटन्सीमॉन हा छोटा प्रोग्रॅम चालवून ठेवला की कोणती फाइल अडवते तिचे नाव येते. नमुन्यांचा वेगही पाहावा. गाण्यांचा वेग सीडीच्या काळापासून ४४.१ किलोहर्ट्झ, व्हिडिओचा ४८. लॅबच्या संगणकावर उपकरणाच्या ‘ॲडव्हान्स्ड’ पानात ४८ ठेवणे सोयीचे पडते.

माऊस हलवला की बारीक कुई-कुई, ग्राफिक कार्ड तापले की शीळ, हा विजेचा संसर्ग. समोरच्या भोकांची केबल कार्डाच्या अंगावरून गेली असेल तर ती डब्याच्या कडेने वळवून पाहावी. नव्या कार्डाला जुना, हलका एसएमपीएस जोडला असेल तर तोही संशयात घ्यावा.

सतत भुणभुण, गाणे असो वा नसो, आणि स्पीकरचा आवाज वाढवला की तीही वाढते, ही अर्थिंगची. आपली वीज ५० हर्ट्झची. भुणभुण त्याच किंवा दुप्पट सुरात असते. संगणक विजेच्या एका बोर्डात, ॲम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डात, दोन्हींच्या अर्थमध्ये फरक, आणि ऑडिओची केबल त्या दोघांमधला पूल झालेली. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेसारखा मोठा कार्यक्रम असो की लग्नातला डीजे, लॅपटॉप मिक्सरला जोडला की हा सूर ऐकू येतो. चाचणी सोपी: लॅपटॉपचा चार्जर काढायचा. बॅटरीवर भुणभुण थांबली तर वाट सापडली. सगळे विजेच्या एकाच बोर्डातून जोडायचे, किंवा ऑडिओच्या वाटेत अलग करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर घालायचा.

चार्जरच्या किंवा ॲम्प्लिफायरच्या पिनेचा वरचा जाड दांडा तोडूनही भुणभुण थांबते, आणि मांडवात तसे करणारे हात कमी नाहीत. तो दांडा म्हणजे अर्थ. तो तुटल्यावर आत वीज उतरली तर ती जमिनीकडे न जाता माइक धरलेल्या माणसातून जाते. पावसाने भिजलेल्या मांडवात तर हे करूच नये.

शेवटची कसोटी

तार पाहिली, निवड पाहिली, ड्रायव्हर धुऊन बसवला, आणि तरीही संगणक मुका. आता दोष सॉफ्टवेअरचा की चिपचा हे एकदाचे ठरवायचे, आणि त्यासाठी फॉरमॅटची गरज नाही. उबुंटू किंवा मिंटसारखी लिनक्सची प्रणाली पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून सुरू करायचा. ‘ट्राय’ निवडले की डिस्कला हात न लावता ती चालते. लिनक्समध्ये एचडी ऑडिओचे ड्रायव्हर आधीपासूनच भरलेले असतात. तिथे आवाज आला तर चिप धडधाकट आहे आणि विंडोजकडे परत जाऊन शोध घ्यायचा. तिथेही नाही, तर बायोस उघडून ‘एचडी ऑडिओ कंट्रोलर’ चालू आहे ना ते पाहायचे. बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी मेली असेल तर संगणकाची वीज तुटली की केलेल्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात. वेगळे साउंड कार्ड लावल्यावर काही बोर्ड स्वतःचा आवाज आपणहून बंद करतात, तेही इथेच दिसते.

बायोसमध्ये चालू, लिनक्समध्येही गप्प, म्हणजे चिप गेली. बोर्डावरची चिप बदलणारे कारागीर मोठ्या शहरांत मिळतात, पण जुन्या बोर्डासाठी तो खर्च परवडत नाही. त्याऐवजी अंगठ्याएवढे यूएसबी साउंड कार्ड दोन-तीनशे रुपयांपासून मिळते. ते यूएसबी ऑडिओच्या सर्वमान्य पद्धतीने बोलते, म्हणून वेगळा ड्रायव्हर लागत नाही. विंडोजचा स्वतःचाच पुरतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये किंवा बायोसमध्ये बोर्डाचा आवाज बंद करून टाकायचा, म्हणजे दोघांत निवड करण्याची वेळ विंडोजवर येत नाही.

ते एकदा ज्या भोकात लावले त्याच भोकात राहू द्यावे. या स्वस्त कार्डांना बहुधा स्वतःचा अनुक्रमांक नसतो. भोक बदलले की विंडोज त्याला नवेच उपकरण समजते, आवाजाची पातळी आणि माइकचा जोर पहिल्यापासून लावावा लागतो, संपादनाच्या सॉफ्टवेअरमधली नोंद चुकते. म्हणून ते डब्याच्या मागच्या बाजूला, पेन ड्राइव्हवाल्यांचा हात सहसा जात नाही अशा भोकात बसवायचे आणि त्यावर चिकटपट्टी लावून टाकायची.